चांदीची तार, चांदीचे फूल

चांदीचे एक फूल डोळ्यांपुढे आणा. पाच पाकळ्या, मध्ये इवलासा गोल रवा आणि प्रत्येक पाकळीच्या आत केसासारख्या तारेची नाजूक जाळी. हातात घेतले तर वजन जाणवू नये इतके हलके. पण भिंगाखाली धरले की एक गोष्ट ध्यानात येते. हे फूल पत्र्यातून कापलेले नाही किंवा साच्यातही ओतलेले नाही. ते केवळ तारेचे तुकडे वाकवून आणि एकमेकांना सांधून केलेले आहे.

या कामाला तारकासी म्हणतात आणि त्याचे माहेरघर म्हणजे ओडिशातील कटक. महानदी आणि काठजोडी या नद्यांच्या मध्ये वसलेल्या या शहराचे नाव आपल्याला मराठ्यांच्या इतिहासातून ठाऊक असते. १७५१ ते १८०३ या काळात ते नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. तेथील कारागीर चांदीच्या तारेतून फुले, वेलबुट्टी, कोणार्कचे चक्र, ओडिसी नर्तकींचे दागिने घडवतात. दुर्गापूजेत देवीच्या मूर्तीमागे उभी राहणारी चांदीची भव्य आरासही तेच करतात. हत्यारे मोजकीच : जंतर, चिमटा, फुंकणी आणि शेगडी. मग एवढ्या सामग्रीवर चांदीचे फूल उमलते तरी कसे?

एका ग्रॅमची तार

जंतर म्हणजे ओळीने लहान लहान होत जाणारी भोके पाडलेली पोलादी पट्टी. चांदीच्या कांबीचे टोक कानशीने निमुळते करून भोकात घालायचे, पलीकडून पकडीने ओढायचे, मग त्याहून लहान भोकात, मग आणखी लहान. हे काम आता पुष्कळदा यंत्रावर होते, पण तत्त्व तेच.

आता थोडे गणित करू. चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १०.५ ग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम चांदीचे आकारमान सुमारे ९५ घन मिलिमीटर. तारेचा व्यास ०.२ मिलिमीटर असेल तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मिलिमीटर होते. भागाकार करून पाहा. एका ग्रॅममधून तीन मीटरहून अधिक तार निघते! व्यास निम्मा केला तर लांबी चौपट होईल.

चांदी न तुटता एवढी लांबते याचे कारण तिच्या अणूंच्या रचनेत आहे. हे अणू दाट थरांमध्ये रचलेले असतात. ओढ बसली की ते थर एकमेकांवरून घसरतात, पण अणूंमधील बंध सुटून जात नाहीत. मात्र वारंवार ओढल्यावर या रचनेत इतके दोष साठतात की ते एकमेकांची वाट अडवू लागतात. घसरणे थांबते, तार ताठ होते आणि आणखी ओढल्यास तुटते.

यावर उपाय आगीचा. तार मंद लाल होईपर्यंत तापवली की अणूंना हालचालीस पुरेशी ऊर्जा मिळते, जुन्या दोषयुक्त स्फटिककणांच्या जागी नवे कण तयार होतात आणि तार पुन्हा मऊ होते. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. ओढणे, तापवणे, पुन्हा ओढणे असे चक्र चालू राहते.

तापवायचे किती? कारागिराजवळ तापमापक नसतो, तो रंग पाहतो. पण चांदी ही उत्तम परावर्तक आणि जो पृष्ठभाग प्रकाशाचा चांगला परावर्तक, तो प्रकाशाचा मंद उत्सर्जक असतो. म्हणून तापलेल्या चांदीची लाली फिकी दिसते, उजेडात तर दिसतच नाही. चांदी तापवणारा कारागीर अंधारा कोपरा निवडतो, यामागे हे भौतिकशास्त्र आहे.

खरी कसोटी

जाड तारेची पाकळीची चौकट वाकवून होते. दोन पातळ तारा एकत्र पिळून किंचित चपट्या केल्या की कडेला बारीक दाते दिसतात. तिची वेटोळी चौकटीत दाटून बसवतात. आता हे सारे सांधायचे. त्यासाठी डाख लागते.

शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. पण ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे यांचे मिश्रण ७८० अंशांच्या आसपासच वितळते, म्हणजे दोन्ही घटकांच्या आधी! त्यात थोडे जस्त घातले की हे तापमान आणखी उतरते. अशा मिश्रधातूचा कीस म्हणजे डाख. तो टाकणखारासह फुलावर भुरभुरतात. टाकणखार वितळून धातूवर पसरतो, हवेला अडवतो आणि तयार झालेले ऑक्साइड विरघळवतो. डाख वितळली की केशाकर्षणाने तारांमधल्या फटींत आपोआप शिरते.

ऐकायला सोपे वाटते. पण फुंकणीने फुलवलेल्या ज्योतीचे तापमान चांदीच्या वितळणबिंदूच्या बरेच वर असते. शिवाय तार जेवढी पातळ, तेवढी ती लवकर तापते. तारेला मिळणारी उष्णता तिच्या पृष्ठभागावर, म्हणजे व्यासावर अवलंबून असते, तर तापण्यासाठी लागणारी उष्णता वस्तुमानावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर. चौकटीची तार जाळीच्या तारेच्या चौपट जाड असेल, तर त्याच ज्योतीत जाळी सुमारे चौपट वेगाने तापेल. चौकटीवरची डाख वितळण्याआधीच पाकळीतली जाळी वितळून तिचा गोळा व्हायचा! आठवडाभराचे काम एका क्षणात गेले.

म्हणून कारागीर ज्योत जाड भागावर धरतो आणि सतत फिरवत ठेवतो. सर्व धातूंत चांदी उष्णतेची सर्वांत चांगली वाहक असल्याने आच तिथून जाळीकडे पसरते. डाख चमकून वाहिली की त्याच क्षणी फुंकर थांबते.

गंमत अशी की, जे वितळणे पाकळीचा नाश करते तेच फुलाचा मध्य घडवते. कोळशावर चांदीचा कण वितळवला की पृष्ठताणामुळे तो गोल होतो. हाच तो रवा.

पुढे काय?

‘कटक रूपा तारकासी’ला २०२४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यामुळे दुसऱ्या ठिकाणचा माल या नावाने विकण्यास आळा बसेल. पण डाख वाहण्याचा तो क्षण ओळखणारी नजर नोंदणीने मिळत नाही. ती वर्षानुवर्षे शेगडीजवळ बसून येते. साच्यातली फुले झटपट आणि स्वस्तात निघत असताना एवढा काळ शिकायला नवी मुले बसली नाहीत, तर हे ज्ञान पुस्तकातून परत मिळवणे कठीण आहे.

तुम्ही एक प्रयोग करून पाहा. तांब्याची उघडी तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहा. ती ताठ होऊन तुटेल. दुसरा तुकडा तसाच ताठ करा, शिक्षकांच्या देखरेखीखाली चिमट्याने ज्योतीत लाल होईपर्यंत धरा आणि गार झाल्यावर वाकवा. तो किती मऊ झाला आहे ते बोटांना कळेल. नंतर गावातल्या एखाद्या सोनाराच्या परवानगीने त्याच्या शेगडीजवळ थोडा वेळ उभे राहा आणि तो ज्योत नेमकी कुठे धरतो ते पाहा.