अणूच्या प्रारंभिक प्रतिकृतींतील उणिवा

अणूची रचना प्रत्यक्ष दिसत नसल्याने प्रयोगांवरून तिचे जे कल्पनाचित्र उभे केले जाते, त्यास अणूची प्रतिकृती म्हणतात. जॉन डाल्टन यांच्या १८०८ मधील प्रतिकृतीत अणू अविभाज्य होता. रासायनिक संयोगातील ठराविक प्रमाणांचा उलगडा तीमुळे झाला, पण जे. जे. टॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधल्यावर अविभाज्यतेची कल्पना टिकली नाही.

टॉमसन यांनी १९०४ मध्ये धन विद्युत् भाराच्या गोलात इलेक्ट्रॉन बसविले. धन भार असा पसरलेला असेल, तर वेगवान आल्फा कण अल्पसेच वळावयास हवेत. तथापि १९०९ मध्ये हान्स गायगर व अर्नेस्ट मार्सडेन यांना प्लॅटिनमाच्या पत्र्यावरून सु. ८,००० कणांपैकी एक मागे फिरलेला आढळला. यावरून अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९११ मध्ये सर्व धन भार सूक्ष्म अणुकेंद्रात एकवटला. मात्र टॉमसन यांच्या गोलात इलेक्ट्रॉन स्थिर राहू शकत. ते स्थैर्य येथे नाहीसे झाले. विद्युत् चुंबकीय सिद्धांतानुसार प्रवेगी इलेक्ट्रॉन सतत प्रारण उत्सर्जित करतो. त्यामुळे तो सेकंदाच्या सु. दहा हजार कोटीव्या भागातच अणुकेंद्रावर कोसळावा आणि त्याचा वर्णपटही अखंड असावा. प्रत्यक्षात अणू टिकतात व त्यांचे वर्णपट रेषामय असतात.

नील्स बोर यांनी १९१३ मध्ये ठराविक कक्षांत प्रारण होत नाही, असे गृहीत धरले. या गृहीताला सैद्धांतिक आधार नव्हता. तरीही हायड्रोजनाच्या व एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हीलियमाच्या वर्णरेषा त्यावरून अचूक मिळाल्या. रेषांची तीव्रता मात्र काढता येईना. खरी अडचण आली ती दोन इलेक्ट्रॉनांच्या उदासीन हीलियमापाशी. या मूलद्रव्याची ओळखच वर्णपटातून झाली होती. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात जॉन हर्शेल यांनी व गुंटूर येथे झांसेन यांनी सूर्याच्या कडेवरील तेजःशृंगांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या. त्यांतील पिवळसर रेषा सोडियमाची नाही, हे पुढे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी दाखविले व ती हीलियमाची ठरली. ही रेषा उदासीन हीलियमाची असल्याने बोर यांच्या कक्षांना तिचा उलगडा करता येईना. झोमरफेल्ट यांनी १९१६ मध्ये लंबवर्तुळाकार कक्षा सुचविल्या, तरी दोन इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिसारणाचा प्रश्न कायम राहिला. क्रामर्स यांनी १९२३ मध्ये कक्षांवरून काढलेली हीलियमाची आयनीभवन ऊर्जा प्रयोगातील सु. २४·६ इलेक्ट्रॉन व्होल्ट या मूल्यापेक्षा बरीच कमी आली. कक्षांची कल्पनाच वगळणाऱ्या पुंजयामिकीच्या आधारे हायझेनबेर्क यांनी १९२६ मध्ये हीलियमाच्या वर्णपटाचा उलगडा केला.