आफ्रिकेच्या दारीं चीनचा पहारा

तांबडा समुद्र जेथें एडनच्या आखातास मिळतो, तेथें जिबूती हें चिमुकलें राष्ट्र आहे. अमेरिका, फ्रान्स व जपान यांचे लष्करी तळ तेथें आधींपासूनच होते. २०१७ सालीं चीननेंही परदेशांतील आपला पहिला तळ तेथेंच उघडला.

हा योग एकाएकीं आला नाहीं. टांझानिया व झांबिया यांना जोडणारा लोहमार्ग चीननें १९७० ते १९७५ या काळांत बांधला. २००८ च्या डिसेंबरांत त्याच्या युद्धनौका चांचेगिरीच्या बंदोबस्तासाठीं एडनच्या आखाताकडे रवाना झाल्या. २०११ सालीं लिबियांत यादवी माजली, तेव्हां तेथील ३५,००० हून अधिक चिनी नागरिकांना बाहेर काढावें लागलें. माल, मजूर व भांडवल जेथें गेलें, तेथें मागोमाग पहाराही गेला.

२०२४ च्या बीजिंग परिषदेंत चीननें आफ्रिकी राष्ट्रांना लष्करी साह्यार्थ १ अब्ज युआन देण्याचें आणि ६,००० सैनिक व १,००० पोलीस यांना शिक्षण देण्याचें अभिवचन दिलें. चांचे हटावेत, रस्ते निर्धास्त व्हावेत, ही आफ्रिकी जनतेचीही इच्छा आहे. परंतु हींच शस्त्रें उद्यां एखाद्या राज्यकर्त्यानें स्वतःच्या प्रजेवर रोखलीं, तर जाब कोणास विचारावयाचा? पहारेकरी दारीं बसला, तरी घराच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत, हें घरच्यांना पाहावेंच लागतें.