नकाशा मोजणारी वही आणि तिची उसनी स्मृती

उपग्रहचित्रांवरून भूमीचे मोजमाप करण्याची विद्या दीर्घकाळ मोठ्या संस्थांच्या आवारातच राहिली, कारण तिला ताकदवान संगणक, प्रचंड साठवण आणि महागडी सॉफ्टवेअरे लागत. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे अमेरिकी सरकारने २००८ मध्ये विनामूल्य खुली केली, तरी ती हजारोंनी उतरवून घेणे आणि साठवणे लहान महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला झेपणारे नव्हते. ही कोंडी फोडणाऱ्या साधनांत दूरस्थ यंत्रावर चालणाऱ्या पायथन नोटबुकचे स्थान फार वरचे आहे. ब्राउझरच्या एकाच पानावर विवेचनाचा मजकूर, पायथन भाषेतील आज्ञा आणि त्या आज्ञांतून उमटलेला नकाशा एकाखाली एक मांडलेले असतात. प्रत्यक्ष आकडेमोड मात्र दूरच्या विदाकेंद्रात होते.

फर्नांदो पेरेझ यांनी २००१ मध्ये विद्यार्थिदशेत 'आयपायथन' लिहावयास घेतले, त्यातून २०१४ मध्ये अशा नोटबुकांचा ज्युपिटर प्रकल्प आकाराला आला आणि २०१७ मध्ये गूगलने कोलॅब ही नोटबुक-सेवा सर्वांसाठी खुली केल्यावर स्वतःच्या संगणकावर पायथन बसवण्याचीही गरज उरली नाही. त्याआधी मेरीलँड विद्यापीठाचे मॅथ्यू हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये साडेसहा लाखांहून अधिक लँडसॅट चित्रांमधून जगातील वनबदलाचा नकाशा सिद्ध केला होता. त्यासाठी लागलेली सुमारे दहा लाख तासांची आकडेमोड गूगलच्या अर्थ इंजिनाने हजारो संगणकांवर वाटून काही दिवसांत उरकली, आणि चित्रे संगणकाकडे आणण्याऐवजी गणितच चित्रांपाशी न्यावे, ही कल्पना रुजली. आज त्याच इंजिनाला नोटबुकातून आज्ञा देताना पानावर चित्र येतच नाही. तेथे केवळ करावयाच्या क्रियांचे वर्णन तयार होते, आणि उत्तर मागेपर्यंत आकडेमोडीला सुरुवातही होत नाही.

या रचनेतील सर्वांत विलक्षण भाग म्हणजे 'कर्नेल'. पानामागे अखंड चालू असणाऱ्या आणि आधीची सर्व मूल्ये लक्षात ठेवणाऱ्या पायथन प्रक्रियेला हे नाव आहे. नोटबुकातील आज्ञा 'सेल' नावाच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात आणि कोणताही कप्पा कोणत्याही क्षणी चालवता येतो. चाललेल्या कप्प्याशेजारी चौकटी कंसात त्याचा अनुक्रम उमटतो. जायकवाडीच्या जलाशयाचा पाणपसारा मोजावयाचा असेल, तर सेंटिनल-२ उपग्रहाचे हिरव्या आणि निकट-अवरक्त प्रकाशातील दहा मीटर सूक्ष्मतेचे पट्टे एकदाच स्मृतीत घ्यावे लागतात. दोहोंतील वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले की जलनिर्देशांक मिळतो, कारण पाणी निकट-अवरक्त प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषून घेते. त्यानंतर पाणी कोणत्या मूल्यापासून मानावयाचे, ही सीमा एका लहान कप्प्यात पुनःपुन्हा बदलता येते आणि प्रत्येक बदलासरशी नकाशावरचा किनारा सरकतो. गाळाचे काठ, उथळ पाणी आणि ओली जमीन यांविषयीचा अभ्यासकाचा निर्णय, जो छापील नकाशात कायमचा दडून जातो, तो येथे वाचकासमोर उघडा राहतो, आणि या साधनाचे मोठेपण मुख्यतः यातच आहे.

परंतु ज्या स्मृतीमुळे हे साधते तीच स्मृती फसवतेही. एखादा कप्पा पुसून टाकला तरी त्याने निर्माण केलेले मूल्य कर्नेलमध्ये जिवंत राहते, आणि पान एक गणित सांगत असताना नकाशा दुसऱ्याच गणिताचा असू शकतो. गिटहबवरील सुमारे १४ लाख नोटबुकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चालवून पाहिलेल्या नोटबुकांपैकी जेमतेम २४ टक्के त्रुटीविना शेवटपर्यंत गेली आणि मूळचेच उत्तर तर केवळ ४ टक्क्यांनी दिले.

नकाशाच्या कामात याहून मूक अशी आणखी एक चूक संभवते. वेबवरील बहुतेक पार्श्वनकाशे 'वेब मर्केटर' प्रक्षेपणात असतात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करताना विषुववृत्तापासून दूरचे प्रदेश फुगवतात. त्या निर्देशकांवर नागपूरजवळच्या शंभर हेक्टर शिवाराचे क्षेत्रफळ थेट काढले, तर ते सुमारे ११५ हेक्टर भरते, आणि संगणक कोणतीही त्रुटी दाखवत नाही. पृथ्वीला उभ्या पट्ट्यांत विभागणारे मीटरमधील यूटीएम प्रक्षेपण निवडावे, तर दोन पट्ट्यांची सीमा असलेले ७८ अंश पूर्व रेखावृत्त विदर्भातूनच जाते: अकोला त्रेचाळिसाव्या पट्ट्यात पडते, वर्धा आणि नागपूर चव्वेचाळिसाव्या. संपूर्ण राज्याच्या मोजणीसाठी म्हणून क्षेत्रफळ राखणारे प्रक्षेपण जाणीवपूर्वक निवडून ते कप्प्यात स्पष्ट लिहावे लागते.

सर्वांत गंभीर काळजी मात्र दूरस्थ यंत्र पुरवणाऱ्या यजमानाविषयीची आहे. कोलॅबचे विनामूल्य सत्र जास्तीत जास्त बारा तास टिकते आणि ते संपताच तात्पुरत्या डिस्कवरील सर्व फाइली नाहीशा होतात. यंत्रावरील ग्रंथालयांच्या, म्हणजे तयार आज्ञासंचांच्या, आवृत्त्या यजमान आपल्या सोयीने बदलतो. विशेषतः बहुतेक भू-अवकाशीय ग्रंथालये ज्यावर उभी आहेत त्या 'जीडीएएल'ची आवृत्ती पुढे गेली, की कालपर्यंत चालणारी आज्ञा आज अडू शकते. मायक्रोसॉफ्टच्या प्लॅनेटरी कॉम्प्युटर प्रकल्पाने विनामूल्य दिलेला नोटबुक-कक्ष २०२४ मध्ये बंद झाला. उपग्रहचित्रांचा साठा खुला राहिला, पण ज्या वातावरणात ती नोटबुके चालत होती ते वातावरण प्रत्येक अभ्यासकाला अन्यत्र पुन्हा उभारावे लागले. ज्यांनी ग्रंथालयांच्या आवृत्त्यांची यादी नोटबुकासोबत जपली नव्हती, त्यांना आपलेच जुने नकाशे पुन्हा काढणे अतिशय कठीण आहे.