गेकोच्या पापणीत अडकलेली कात

आपल्याकडे पाल भिंतीवर दिसली की झाडू शोधला जातो आणि ती चुकचुकली की बोललेले खरे मानले जाते. अमेरिकेत वा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या काही मराठी घरांत मात्र मुलांच्या खोलीतील काचेच्या पेटीत तिचाच एक नातलग कौतुकाने पाळला जातो. तो म्हणजे लेपर्ड गेको. बिबट्यासारखे ठिपके अंगावर मिरवणारा हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या खडकाळ, कोरड्या प्रदेशांतला. नीट सांभाळल्यास तो पंधरा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. (भारतात रानातला गेको पकडून घरी आणण्याचा विचारही कोणी करू नये, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील वन्य गेकोंना संरक्षण दिलेले आहे.)

घरातल्या पालीला पापण्या नसतात. तिच्या डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो आणि तो ती जिभेने चाटून स्वच्छ ठेवते. लेपर्ड गेकोला मात्र उघडझाप करणाऱ्या पापण्या आहेत. 'यूब्लेफॅरिस' या त्याच्या शास्त्रीय नावातच ग्रीक भाषेतली 'पापणी' दडलेली आहे. कात टाकताना हेच वैशिष्ट्य कधीकधी त्याच्या जिवावर बेतते.

प्रौढ गेको साधारणतः चार ते आठ आठवड्यांनी कात टाकतो, वाढत्या वयाचा त्याहून लवकर. आधी एक-दोन दिवस त्याचा रंग फिका, राखेसारखा पांढुरका होतो. मग तो तोंडाने जुनी त्वचा ओढून काढतो आणि चक्क खाऊन टाकतो. काम काही तासांत आटोपते. परंतु हवा फार कोरडी असली, तर त्वचा ओलाव्याअभावी चिकटून राहते. बोटांची टोके, शेपटीचे टोक आणि पापण्यांच्या कडा या तिच्या अडकण्याच्या नेहमीच्या जागा. थंड देशांत हिवाळ्यात घर तापवण्याची यंत्रे अहोरात्र चालतात व हवेतला ओलावा नाहीसा होतो, हेही ध्यानात घ्यावे.

डोळ्याभोवतीची कात दुर्लक्षिण्याजोगी नाही. गेको दृष्टीच्या बळावर शिकार करतो. डोळा मिटलेला राहिला की समोरचा रातकिडाही त्याला टिपता येत नाही. शेपटीत साठवलेल्या चरबीवर तो काही काळ तग धरतो, म्हणून उपासमार चटकन लक्षात येत नाही. शेपटी बारीक दिसू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

अशा वेळी चिमटा हाती घेण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. कोरडी त्वचा ओढली, तर खालची कोवळी त्वचा फाटते व डोळ्याच्या बुबुळाला इजा होऊ शकते. त्याऐवजी झाकणाला छिद्रे असलेल्या डब्यात कोमट पाण्याने भिजवून पिळलेला कागदी टॉवेल अंथरावा आणि गेकोला पंधरा-वीस मिनिटे त्यावर ठेवावे. डबा उन्हात वा दिव्याखाली ठेवू नये. नंतर निर्जंतुक सलाईनमध्ये भिजवलेली कापसाची काडी पापणीच्या बाहेरच्या कडेवरून, डोळ्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने, अलगद फिरवावी. कात सैल झाली असेल तर सुटून येईल. न सुटल्यास तिथेच थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. घरातले माणसांचे डोळ्यांचे थेंब कदापि घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास डोळ्याची जखम अधिकच चिघळते.

दोन-तीन प्रयत्नांनी गुण आला नाही, किंवा डोळा सुजला, चिकट स्राव आला, पापणीखाली पांढरा गोळा दिसला, गेकोने अन्न टाकले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडेच जावे. पापणीच्या आत दबलेली कात काढणे हे घरचे काम नव्हे.

एकदा सुटलेला प्रश्न पुनःपुन्हा उद्भवत असेल, तर दोष पेटीत वा आहारात शोधावा. पेटीत एक ओलसर गुहा असणे अत्यावश्यक आहे: प्रवेशापुरते भोक पाडलेला झाकणाचा डबा, आत ओले शेवाळ किंवा कागद, आणि तो पेटीच्या उबदार बाजूला. संपूर्ण पेटी दमट करू नये, त्याने श्वसनाचे विकार जडतात. आहाराबाबतीत 'अ' जीवनसत्त्वाची उणीव हे डोळ्यांच्या तक्रारींचे महत्त्वाचे कारण होय. या उणिवेमुळे पापणीच्या आतले अस्तर जाड होते आणि तेथे मृत पेशींचा थर साचतो. गाजरातून मिळणाऱ्या पूर्वद्रव्याचा कीटकभक्षी गेकोला फारसा उपयोग होत नाही असे मानले जाते. म्हणून तयार 'अ' जीवनसत्त्व असलेली भुकटी कीटकांवर भुरभुरतात. तिचे प्रमाण मात्र पशुवैद्याने ठरवून द्यावे. हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि त्याचा अतिरेकही त्वचेलाच बाधतो.

घरातील माणसांच्या आरोग्याचाही येथे संबंध आहे. निरोगी दिसणाऱ्या गेकोच्या विष्ठेतूनही साल्मोनेलाचे जंतू पसरू शकतात. त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याचा डबा स्वयंपाकघरातील बेसिनमध्ये विसळू नये, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती त्याला देऊ नये. थोरल्या मुलाला मात्र एक काम अवश्य सोपवावे: प्रत्येक कातीनंतर दोन्ही डोळे उघडे आहेत ना आणि बोटांवर जुन्या त्वचेची कडी उरलेली नाही ना, हे भिंगातून पाहून वहीत तारखेसह लिहून ठेवणे. अशी कडी आवळत जाऊन बोट गळूनही पडते. पशुवैद्याकडे जाण्याची वेळ आली, तर ती वही बरोबर न्यावी.