बेंझोइक आम्लाचे दोन वर्णपट
रेणूतले अणू कधीच स्वस्थ नसतात. बंध ताणतात, आखडतात, वाकतात. ते किती वेगाने, हे बंधाचा ताठपणा आणि अणूंचे वजन ठरवते. सरळ रेषेत नसलेल्या रेणूची मूलभूत कंपने अणुसंख्येच्या तिपटीतून सहा वजा केले की मिळतात. पाण्याची तीन. सरबत-जॅम टिकवायला ज्याचा सोडियम क्षार घालतात, त्या बेंझोइक आम्लाच्या रेणूत १५ अणू, म्हणजे कंपने ३९.

ती मोजायच्या वाटा दोन. आयआरमध्ये नमुन्यातून अवरक्त प्रकाश सोडतात. कंपनाने रेणूचे द्विध्रुव आघूर्ण बदलत असेल तरच तो शोषला जातो. सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेल्या पद्धतीत विखुरलेल्या प्रकाशाचा बदललेला रंग तपासतात. तिथे कंपनासरशी इलेक्ट्रॉनांचा ढग कमीजास्त लवचीक व्हावा लागतो.

आयआरचा नमुना करणे हे हातकामच. मिलिग्रॅमभर पदार्थ शंभरपट पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर खलात घोटायचा आणि दाबयंत्रात त्याची काचेसारखी चकती पाडायची. पावसाळ्यात ही भुकटी ओल धरते आणि ३४०० प्रतिसेंटिमीटरजवळ पाण्याचा रुंद पट्टा आलेखात फुकट येऊन बसतो.

आलेखात शिखरे दिसतात, पण कोणते शिखर कोणत्या हालचालीचे हे तो सांगत नाही. ते काम गणिताचे. वॉल्टर कोन यांच्या घनता-फलन सिद्धांताने (डीएफटी) इलेक्ट्रॉनांचा हिशेब आटोक्यात आणला. त्यांना आणि जॉन पोपल यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. संगणक आधी रेणूची सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधतो, मग प्रत्येक अणू किंचित हलवल्यास ऊर्जेचा उतार कसा पालटतो ते काढतो. एखादी वारंवारता काल्पनिक संख्या निघाली, तर रचना दरीच्या तळाशी नसून खिंडीत अडकली आहे असे समजावे. बंध आदर्श स्प्रिंगसारखा धरल्याने आकडे थोडे चढेच येतात, म्हणून त्यांना साधारण ०.९६ ने गुणतात.

खरी गंमत गुणूनही मेळ बसत नाही तिथे. सुट्या बेंझोइक रेणूतला कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध गणिताप्रमाणे १७४० च्या आसपास कंपायला हवा. घन नमुन्याच्या आयआरमध्ये मात्र शिखर १६९० जवळ दिसते. पन्नासाची ही तूट गणिताची चूक नव्हे. स्फटिकात दोन रेणू समोरासमोर येऊन दोन हायड्रोजन बंधांनी जखडलेले असतात आणि त्यामुळे दुहेरी बंध सैलावतो. जोडीचे गणित मांडले की दोन कंपने निघतात. दोन्ही दुहेरी बंध आळीपाळीने ताणले गेले तर ते आयआरमध्ये दिसते, एकदम ताणले गेले तर फक्त रामनमध्ये, १६३५ च्या आसपास. मध्यबिंदूभोवती सममित असलेल्या जोडीत एकच कंपन दोन्हीकडे दिसत नाही, म्हणून दोन्ही यंत्रे लागतात.

अणू वाढले की हिशेब भरमसाट वाढतो. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांनी सहकाऱ्यांसह यावर शिंपीकामाची युक्ती विकसित केली: मोठ्या रेणूचे एकमेकांवर चढणारे तुकडे कापायचे, प्रत्येकाचे गणित सोडवून उत्तरे जोडायची आणि शिवणीवर दोनदा मोजला गेलेला भाग वजा करायचा.