मद्रासचा ठराव आणि दिल्लीची अट

चेन्नई : अमेरिकी राज्यघटनेच्या एकोणिसाव्या दुरुस्तीने तेथील स्त्रियांच्या मताधिकारावर ऑगस्ट १९२० मध्ये शिक्कामोर्तब केले. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, एप्रिल १९२१ मध्ये, मद्रास प्रांताच्या विधान परिषदेने मतदार होण्याच्या आड येणारी लिंगभेदाची अट ठरावाने रद्द केली. ब्रिटिश प्रांतांमध्ये हे पहिलेच पाऊल होते. मुंबई प्रांताने त्याच वर्षी हा कित्ता गिरवला. मालमत्तेची अट मात्र कायम राहिल्याने प्रत्यक्ष मतदार झालेल्या स्त्रिया थोड्याच होत्या.

हा ठराव अचानक झाला नाही. अड्यार येथे १९१७ मध्ये अॅनी बेझंट, मार्गारेट कझिन्स आणि डोरोथी जिनराजदास यांनी 'विमेन्स इंडियन असोसिएशन' स्थापन केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रास येथे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले. परंतु १९१९ च्या कायद्याने निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. हक्क नाकारायचा नाही, पण देण्याची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलायची, असा हा राज्यकर्त्यांचा जुना शिरस्ता!

अमेरिकेत जॅनेट रँकिन १९१६ मध्येच, म्हणजे देशव्यापी मताधिकाराच्या आधी, प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या होत्या. मद्रासमध्ये क्रम उलटा राहिला. मत १९२१ मध्ये मिळाले, परंतु सभागृहाचे दार उघडायला १९२६ साल उजाडले. त्या वर्षी निवडणूक लढविणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय थोडक्यात पराभूत झाल्या. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची नियुक्ती झाली आणि त्या परिषदेच्या उपाध्यक्षही झाल्या. देवदासीप्रथेविरुद्ध त्यांनी १९२७ मध्ये ठराव मांडला. स्वतःची आई देवदासी समाजातील असल्याने या प्रश्नाची धग त्यांना ठाऊक होती. गांधीजींच्या अटकेच्या निषेधार्थ १९३० मध्ये त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. मद्रासमध्ये देवदासी-प्रतिबंधक कायदा झाला तो १९४७ मध्ये. ठराव आणि कायदा यांच्यातील हे वीस वर्षांचे अंतर सभागृहातील एकाकी आवाजाच्या मर्यादा सांगून जाते. मुंबई प्रांताने या विषयावर १९३४ मध्येच कायदा केला होता, हेही नोंदवायला हवे.

संविधान सभेतील पंधरा महिला सदस्यांपैकी अम्मू स्वामिनाथन, दाक्षायणी वेलायुधन आणि दुर्गाबाई या तिघी मद्रास प्रांतातून आल्या होत्या. यांपैकी दुर्गाबाईंशी मराठी माणसाचे नाते जिव्हाळ्याचे. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेल्या या वकील कार्यकर्तीने मद्रासमध्ये १९३७ साली आंध्र महिला सभा उभारली. १९५३ मध्ये त्यांचा विवाह केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी झाला आणि त्याच वर्षी त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपदावर पाणी सोडणारे चिंतामणराव आपल्याला पाठ असतात. दुर्गाबाईंचे स्वतंत्र कर्तृत्व मात्र अनेकदा 'सौभाग्यवती' या एका शब्दात गुंडाळले जाते.

राखीव जागांविषयी त्या पिढीची भूमिका वेगळी होती. १९३० च्या दशकात प्रमुख महिला संघटनांनी प्रौढ मताधिकार मागितला, सवलत नको म्हटले. समान संधी मिळाली की प्रतिनिधित्व आपोआप येईल, हा त्यामागचा विश्वास. तो फळाला आला नाही. २०२४ मध्ये लोकसभेच्या ५४३ जागांवर अवघ्या ७४ महिला निवडून आल्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती मंजूर केली. लोकसभेत ४५४ विरुद्ध दोन मतांनी, तर राज्यसभेत एकमताने. पण अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडली गेली. पुनर्रचनेत दक्षिणेच्या जागांचे प्रमाण घटेल, या भीतीतून मार्च २०२५ मध्ये चेन्नईतच अनेक राज्यांच्या नेत्यांची बैठक झाली. परिणामी, ज्या आरक्षणाला जवळजवळ कोणाचाच उघड विरोध नव्हता, ते उत्तर-दक्षिण वादाच्या दाव्याला बांधले गेले.

पंचायतींत अशी अट आड आली नाही. महाराष्ट्राने २०११ मध्ये आणि तामिळनाडूने २०१६ मध्ये स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखण्याचा कायदा केला. गावच्या सरपंचाला जो निकष लागू होतो, तो खासदारांना लावताना आधी देशाचा नकाशा नव्याने आखावा लागतो, हे पटण्याजोगे नाही. १९१९ च्या अटीचे उत्तर मद्रासच्या सभागृहाने दोन वर्षांत दिले होते. २०२३ च्या अटीचे उत्तर देणे हे संसदेचे दायित्व आहे. ते कोणा प्रांतावर ढकलण्याची सोय या वेळी नाही.