मातीवरचा थरार स्वस्त का पडतो?

समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने तासभर सरळ गेले की थरार वाटत नाही, उलट डोळे जड होतात. आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला वेग कळत नाही. वेगातला आणि दिशेतला बदल तेवढा कळतो. छाती धडधडते ती ब्रेक, वळण आणि घसरण यांनी. धरमपेठेतल्या वेस्ट हायकोर्ट रोडसारख्या रस्त्यावर रात्री गाडी दामटणाऱ्याला हवी असते ती हीच धडधड.

ती मातीवर कमी वेगात मिळते. ३० मीटर त्रिज्येचे वळण घ्या. साध्या टायरचा घर्षणांक कोरड्या डांबरावर ०.९ आणि सैल मुरमावर ०.५ धरला, तर मुरमावर गाडी ताशी ४४ किलोमीटरलाच घसरू लागते. डांबरावर त्यासाठी ५९ चा वेग लागतो. फरक किरकोळ वाटेल, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे डांबरावर घसरणाऱ्या त्याच गाडीत जवळपास पावणेदोनपट ऊर्जा असते. चूक झाली तर ती कठडा, पत्रा आणि चालकाचे शरीर यांनाच झेलावी लागते.

शर्यतीचे गुळगुळीत ‘स्लिक’ टायर तापले की पकड आणखी वाढते. दीडपट गुरुत्वाच्या वळणात डोके आणि हेल्मेट मिळून मान बाजूला दहाएक किलोच्या जोराने ओढली जाते. डांबराच्या शौकिनांना हाच ताण, हीच अचूकता प्रिय. त्यांना मातीतली फरफट खेळ वाटत नाही. पण त्या पकडीची किंमत रबर देते. टायर आणि ब्रेक भराभर संपतात. शिवाय नागपूरकराला ट्रॅक गाठायचा तर चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा कारी स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट. जवळचे म्हटले तरी हजार किलोमीटर, तेही गाडी ट्रेलरवर चढवून. मातीला मोकळे मैदान, रोलर आणि पाण्याचा टँकर पुरतो. आपल्या राज्यात नाशिकला कच्च्या रस्त्यांवरच्या रॅलींची परंपरा आहेच.

मातीचे बिल मात्र नंतर येते. शॉकअप आणि बुश खिळखिळे होतात, एअर फिल्टर धुळीने भरतो. हे काम निदान गल्लीतला मेकॅनिक करू शकतो. कंबरेचे तसे नाही. सततच्या हादऱ्यांनी पाठीच्या कण्यावर ताण येतो. धूळ चालकाइतकीच कडेच्या प्रेक्षकांच्याही फुप्फुसात जाते. दमा असलेल्यांनी वाऱ्याच्या दिशेला उभे राहूच नये, मैदानावर पाणी मारलेले असले तरी. आणि आडव्या घसरणाऱ्या गाडीचे चाक भुसभुशीत मातीत रुतले, की कमी वेगातही ती उलटते.

सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीचा हिशेब वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. समोरून येणाऱ्याने तर शर्यतीत नावही दिलेले नसते.

मैदानावर उतरायचे ठरलेच, तर रोल केज, हेल्मेट आणि शर्यतीचे पट्टे डांबरावर लागतात तसेच मातीवरही लागतात. त्या खर्चात माती एक रुपयाही वाचवत नाही.